जपानच्या छोट्या गावात शिकवायला जाताय? आधी पत्ता, मग बाकी सगळं

मी नागानो प्रांतातल्या ईदा या शहरात तीन वर्षं सहाय्यक इंग्रजी शिक्षिका होते. परत आल्यापासून ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरी अधूनमधून कुणी ना कुणी येतं. कधी ओळखीची शिक्षिका, कधी जपानी भाषेच्या क्लासमधल्या मुली. नोकरी कशी मिळवायची हे त्यांना माहीत असतं. परदेशी तरुणांना शाळांत शिकवायला नेणारी, १९८७ पासून चालू असलेली जपान सरकारची ‘जेट’ योजना आहे, काही शिक्षण मंडळं थेट माणसं घेतात, काही कंपन्या शाळांना शिक्षक पुरवतात. खरा प्रश्न पुढचा असतो. विमानातून उतरल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं, दुसऱ्या दिवशी काय, आणि ज्या गावात आपल्याखेरीज एकही भारतीय चेहरा नाही तिथे घर कसं मांडायचं?

तोक्यो किंवा ओसाकाला जाणाऱ्यांना सांगणारे खूप भेटतात. हा लेख छोट्या गावात जाणाऱ्यांसाठी आहे. मला कळलेली मुख्य गोष्ट अशी, की तिथली सगळी कामं एका साखळीत बांधलेली असतात आणि साखळीची पहिली कडी म्हणजे पत्ता. ती कडी नीट बसली की पुढची कामं आपोआप सरकतात. क्रम चुकला तर एकाच कामासाठी तीन-तीन फेऱ्या होतात.

ठाण्यातून निघण्यापूर्वी

नियुक्तीपत्र आल्यावर आनंदाच्या भरात सही करू नका. आधी चार प्रश्न लेखी विचारा. घर कोण शोधून देणार? घराची अनामत कोण भरणार? आरोग्य विमा आणि पेन्शन कोणत्या प्रकारचं? आणि किती शाळा, त्यासाठी गाडी लागेल का? मला एक माध्यमिक आणि दोन प्राथमिक शाळा होत्या. त्यातली एक डोंगरात होती आणि तिकडे जाणारी बस दिवसातून मोजक्या वेळा सुटायची. गाडी लागणार असेल तर ठाण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या. तो १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा असतो, जपानमध्ये चालतो, पण जास्तीत जास्त एक वर्ष. पहिल्या वर्षातच तिथला परवाना करून घ्यायला लागा.

व्हिसासाठी आधी ‘पात्रता प्रमाणपत्र’ लागतं. ते तुमची शाळा किंवा शिक्षण मंडळ जपानमध्ये काढतं आणि ते तीन महिनेच चालतं. त्यामुळे ते हातात आल्यावर व्हिसाचा अर्ज लगेच टाका, लग्नकार्य किंवा गणपती उरकून मग जाऊ असं करू नका.

औषधांबद्दल मी मुद्दाम जास्त लिहिते, कारण आपल्याकडे कुणी परदेशी निघालं की आई सर्दी-खोकल्याच्या गोळ्यांचा डबा भरून देते. स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांपेक्षा जास्त असलेली सर्दीची औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत. कोडीन असलेल्या औषधांवरही बंधनं आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध स्वतःपुरतं एक महिन्याचं नेता येतं. त्याहून जास्त न्यायचं तर आधी अर्ज करून ‘युन्यू काकुनिन-शो’ हा परवाना घ्यावा लागतो. थायरॉइड किंवा रक्तदाबाची रोजची गोळी असेल तर हे काम निघण्याच्या महिनाभर आधी सुरू करा. प्रत्येक गोळीच्या पाकिटावरचं मूळ नाव वाचा, ब्रँडच्या नावावर जाऊ नका.

सामानात मिक्सर नको. तिथे वीज १०० व्होल्टची असते, आपला २३० व्होल्टचा मिक्सर नुसता गुरगुरेल. प्रेशर कुकर जरूर न्या, पण घरात इंडक्शन शेगडी असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर चालत नाही, स्टीलचाच हवा. मसाले, हिंग, गोडा मसाला जांभळी नाक्याहून घेतलात तरी ते बंद, लेबल लावलेल्या पाकिटात असू द्या. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ नेऊ नका. हापूसची पेटी विमानतळावर हमखास जाते.

पैसे दीड-दोन महिने पुरतील एवढे हवेत, कारण पहिला पगार हातात यायला महिना-दीड महिना लागू शकतो. परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासात ३००० डॉलरपर्यंतच नेता येतात, उरलेली रक्कम फॉरेक्स कार्डवर ठेवा. आणि हिरागाना-काताकाना ही दोन्ही लिपी निघण्यापूर्वी वाचता यायलाच हव्यात. कांजी, म्हणजे चिनी वळणाची चित्राक्षरं, नंतर येतील.

नावाचं आधी ठरवा

हा भाग कुणी सांगत नाही. आपल्या पासपोर्टवर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं सगळं असतं. तिथल्या रहिवासी कार्डावर ते जसंच्या तसं उतरतं. बँक, विमा, फोन या सगळ्यांना मात्र ते काताकाना लिपीत हवं असतं. काताकानात ट आणि त एकच, ल, ळ आणि र यांना मिळून एकच अक्षर. त्यामुळे एकच आडनाव तीन माणसं तीन प्रकारे लिहितात.

माझ्या बाबतीत नगर कार्यालयात एका प्रकारे लिहिलं गेलं. बँकेत मीच घाईत मधलं नाव गाळलं. पहिला पगार खात्यात जमाच झाला नाही, कारण पाठवणाऱ्याकडचं नाव आणि खात्याचं नाव जुळेना. मे महिन्याच्या सुट्ट्यांच्या तोंडावर आठ दिवस मी उरलेल्या हजार-दोन हजार येनवर काढले. तेव्हा विमानात बसण्याआधीच आपलं पूर्ण नाव काताकानात कसं लिहायचं ते जपानी येणाऱ्या माणसाकडून ठरवून घ्या. एका कार्डावर लिहा, मधली मोकळी जागासुद्धा ठरवा, आणि प्रत्येक खिडकीवर ते कार्डच पुढे करा. आडनावाचा छोटा शिक्का, म्हणजे हान्को, याच अक्षरांत करून घ्या. बऱ्याच ठिकाणी आता सही चालते, तरी गावाकडच्या घरभाड्याच्या करारात शिक्का मागणारे भेटतात.

पहिले चौदा दिवस

नारिता, हानेदा यांसारख्या मोठ्या विमानतळावर उतरलात की तिथेच रहिवासी कार्ड मिळतं. ते कायम अंगावर बाळगावं लागतं, कचरा टाकायला खाली उतरतानासुद्धा. कार्डावर पत्त्याची जागा कोरी असते. घरात राहायला गेल्यापासून चौदा दिवसांच्या आत नगर कार्यालयात, म्हणजे शियाकुशोमध्ये, जाऊन पत्ता नोंदवायचा असतो. गाव लहान असेल तर त्याला याकुबा म्हणतात. पत्ता कार्डाच्या मागच्या बाजूला छापून मिळतो.

त्याच फेरीत, त्याच इमारतीत, आणखी तीन कामं उरका. ज्यूमिनह्योच्या, म्हणजे रहिवासी दाखल्याच्या, दोन प्रती घ्या. शाळेचा विमा नसेल तर राष्ट्रीय आरोग्य विम्याची आणि पेन्शनची नोंद करा. आणि आपत्तीचा नकाशा मागून घ्या. भूकंप किंवा दरड कोसळली तर कुठे जायचं ते त्यात दाखवलेलं असतं. बहुतेक वेळा ते ठिकाण म्हणजे एखादी शाळाच असते, आणि तुम्ही तिथल्या शिक्षिका असाल तर लोक तुमच्याकडेही बघतील. ११० हा पोलिसांचा क्रमांक, ११९ आग आणि रुग्णवाहिकेचा.

मग फोन आणि बँक. बँक फोन नंबर मागते आणि फोन कंपनी बँकेचं खातं किंवा तिथलं कार्ड मागते. इथे सगळेच अडकतात. सुटायचं कसं? शाळेच्या कार्यालयातल्या माणसाला सोबत न्या आणि बँकेच्या अर्जात तात्पुरता शाळेचा फोन नंबर चालेल का ते विचारा. मला पोस्टाच्या बँकेत, युचोमध्ये, असंच खातं मिळालं. ते नसतं जमलं तर आवाजी कॉल चालणारं सिम रोखीने देणारं दुकान शोधावं लागलं असतं. निव्वळ डेटा सिम घेऊन उपयोग नाही, अर्जावर लिहायला नंबरच नसतो.

‘माय नंबर’चं, म्हणजे आपल्या आधारसारख्या ओळख क्रमांकाचं, पत्र काही आठवड्यांनी टपालाने येतं. ते फेकू नका, जाहिरातीच्या पत्रकांत हरवू नका. २ डिसेंबर २०२४ पासून आरोग्य विम्याची जुनी स्वतंत्र कार्डं देणं बंद झालंय. माय नंबर कार्डालाच विमा जोडतात, नाहीतर पात्रतेचं वेगळं पत्र मिळतं. दवाखान्यात बिलाचे तीस टक्के आपण भरायचे.

रिकामं घर

जपानमध्ये भाड्याचं घर म्हणजे खरोखर चार भिंती. दिवे नाहीत, पडदे नाहीत, बऱ्याचदा शेगडीही नाही. मी पहिली रात्र मोबाइलच्या उजेडात काढली. ठाण्यात आपण अनामत आणि दलाली धरून चालतो. तिथे त्यावर आणखी रेइकिन, म्हणजे घरमालकाला दिलेली आणि कधीच परत न मिळणारी रक्कम, हमी कंपनीची फी, कुलूप बदलण्याचा खर्च आणि आगीचा विमा येतो. सगळं मिळून चार-पाच महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम सुरुवातीला जाऊ शकते. गावाकडे रेइकिन न मागणारे मालक भेटतात, म्हणून विचारून बघा. शिक्षण मंडळाने आधीच्या शिक्षकाचं घर देऊ केलं तर ते डोळे झाकून घ्या, कारण त्यात निदान दिवे असतात.

वीज आणि पाणी एका फोनवर सुरू होतं. गॅस मात्र माणूस घरी येऊन, तुम्ही समोर असतानाच सुरू करतो. ती वेळ आधी ठरवा, नाहीतर मार्चच्या थंडीत गार पाण्याने आंघोळ करावी लागेल. आणि शेगडी विकत घेण्यापूर्वी घरात प्रोपेन, म्हणजे सिलिंडरमधला गॅस, आहे की शहरी नळाचा गॅस ते विचारा. दोन्हीच्या शेगड्या वेगळ्या असतात, एका गॅसची दुसऱ्याला चालत नाही. गावात बहुधा प्रोपेन असतो आणि तो महाग पडतो.

शेजाऱ्यांकडे पहिल्या आठवड्यातच जायचं. जपानीत एक जुना शब्दप्रयोग आहे, ‘समोरची तीन, बाजूची दोन’. एवढ्या घरांशी ओळख ठेवायची. लोक छोटा टॉवेल किंवा मिठाईचा पुडा नेतात. मी ठाण्याहून नेलेली राजगिऱ्याची चिक्की दिली. दारात उभं राहून नाव, शाळेचं नाव आणि ‘योरोशिकु ओनेगाइ शिमास’, म्हणजे ‘लोभ असू द्या’, एवढं म्हणायचं, दोन मिनिटांत परत फिरायचं. आत बोलावतील अशी वाट बघायची नाही.

कचरा, आणि शेजारच्या आजी

गावात तुमची पहिली ओळख कचऱ्यावरून होते. प्रत्येक नगरपालिकेच्या ठरलेल्या पिशव्या असतात, त्या सुपरमार्केटमध्ये मिळतात. जळणारा कचरा, प्लास्टिक, काच, डबे, कागद, प्रत्येकाचा वार वेगळा. आमच्या भागात पिशवीवर नाव लिहावं लागायचं. पिशवी सकाळीच ठेवायची, आदल्या रात्री नाही.

माझी पहिली पिशवी संध्याकाळी परत येईपर्यंत जागेवरच होती. तिच्यावर लाल चिठ्ठी चिकटवलेली. आत तेलकट प्लास्टिक होतं आणि नावाची जागा कोरी. मी पिशवी उचलून चालू लागले तेवढ्यात समोरच्या घरातल्या आजी बाहेर आल्या. काही न बोलता त्यांनी पिशवी उघडली, दह्याचा डबा काढून स्वतःच्या बागेतल्या नळाखाली धुतला, उलटा ठेवला, मला दाखवला. मग खिशातून जाड मार्कर काढून माझ्या हातात दिला. मी काताकानात नाव लिहिलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, दोनदा. त्या दिवसापासून त्या मला नावाने हाक मारू लागल्या. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांच्या पडवीत सोललेली पर्सिमनची फळं दोरीला टांगलेली दिसली. महिनाभराने त्यातली वाळलेली चार फळं त्यांनी माझ्या दाराच्या मुठीला पिशवीत अडकवून ठेवली होती.

कचऱ्याचं वेळापत्रक फ्रिजवर लावा. गल्लीची संघटना, म्हणजे जिचिकाई, वर्षातून काही रविवारी सकाळी गवत काढायला आणि गटारं साफ करायला बोलावते. पहिल्या खेपेला नक्की जा, हातमोजे घेऊन.

शाळेत

शाळेच्या दारात बाहेरचे बूट काढून आतले घालायचे. आतले बूट ठाण्यातूनच घेऊन जा. पांढऱ्या किंवा फिक्या तळव्याचे, जमिनीवर डाग न पाडणारे, पटकन चढणारे. तिथे बायकांचे बूट साधारण पंचवीस सेंटीमीटरच्या पुढे सहज मिळत नाहीत. व्यायामशाळेसाठी आणखी एक जोड लागू शकतो.

शिक्षक खोलीत सगळ्यांची टेबलं एकाच दालनात असतात. उपमुख्याध्यापक, क्योतो-सेन्सेइ (सेन्सेइ म्हणजे शिक्षक), समोर बसतात आणि शाळेची रोजची सूत्रं त्यांच्याच हातात असतात. रजा, आजारपण, उशीर, सगळं आधी त्यांना सांगायचं. सकाळी आत शिरताना सगळ्यांना ऐकू जाईल असं ‘ओहायो गोझाइमास’, म्हणजे ‘सुप्रभात’, आणि निघताना ‘ओसाकी नि शित्सुरेइ शिमास’, म्हणजे ‘तुमच्या आधी निघते, माफ करा’. ही दोन वाक्यं पहिल्या महिन्यात तुमच्या इंग्रजीपेक्षा जास्त कामाला येतात. सुट्टीत कुठे गेलात तर खोलीतल्या सगळ्यांना एकेक येईल एवढ्या सुट्या पाकिटांचा खाऊ आणायचा.

दुपारचं जेवण मुलांबरोबर वर्गातच. मुलंच पांढरे एप्रन घालून वाढतात. शाकाहारी असाल तर पहिल्याच आठवड्यात लेखी, जपानीत, काय खात नाही ते द्या. ‘मांस नाही’ एवढं पुरत नाही. सूपमध्ये आणि उकडलेल्या भाजीत वाळवलेल्या माशाचं दाशी, म्हणजे अर्काचं पाणी, असतं आणि तिथे ते कुणी मासे धरत नाही. दाशी चालेल की नाही हे आपण आधीच मनाशी ठरवावं. मला चालत नव्हतं, म्हणून मी शाळेला सांगून घरून डबा नेत होते. मुलांना त्यातल्या पोळीचं फार कुतूहल.

पहिला तास स्वतःची ओळख करून देण्याचा असतो आणि त्यावर गावातलं पुष्कळ काही अवलंबून असतं. मी ठाणे स्थानकाचा फोटो नेला होता. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, ३४ किलोमीटर. जपानची पहिली गाडी १८७२ मध्ये शिम्बाशीहून योकोहामाला गेली. हे दोन आकडे मी फळ्यावर लिहिले आणि कोणता कुणाचा ते ओळखायला सांगितलं. जवळजवळ सगळा वर्ग चुकला आणि मग एकदम गलका झाला. संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये एक आई तिच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “ठाणे-सेन्सेइ?” तुम्ही काय शिकवता हे घरोघर पोहोचतं. म्हणून आपल्या गावातली एक ठोस, तारीख असलेली गोष्ट घेऊन जा.

थंडी

ईदा डोंगरांनी वेढलेलं आहे. हिवाळ्यात रात्री तापमान शून्याखाली जातं आणि घरात पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटू शकतो. दुरुस्तीचा खर्च भाडेकरूच्या गळ्यात पडू शकतो. घर ताब्यात घेतानाच पाणी काढून टाकण्याचा झडप-नळ कुठे आहे ते मालकाकडून दाखवून घ्या. असं पाणी काढून टाकण्याला मिझुनुकी म्हणतात. चार दिवस गावाला जाणार असाल तर हे करूनच निघा. रॉकेलच्या हीटरसाठी १८ लिटरचा डबा असतो. हीटर चालू असताना दर तासाला खिडकी थोडी उघडा, आणि झोपताना तो बंद करा. गाडी असेल तर बर्फाचे टायर डिसेंबरपूर्वी बदला.

दुसऱ्या वर्षाचा कर आणि पेन्शन

रहिवासी कर १ जानेवारीला तुमचा पत्ता जिथे असेल तिथलं गाव आकारतं, आदल्या वर्षीच्या मिळकतीवर. त्यामुळे पहिल्या वर्षी तो लागत नाही आणि दुसऱ्या वर्षी जूनपासून अचानक सुरू होतो. सुरुवातीपासून दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवा.

पेन्शनमध्ये सहा महिने किंवा जास्त भरणा झाला असेल तर जपान सोडल्यावर दोन वर्षांच्या आत एकरकमी परताव्याचा अर्ज करता येतो. हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षं धरतात. भारत आणि जपान यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, त्यात पेन्शनच्या पात्रतेसाठी दोन्ही देशांतली वर्षं एकत्र मोजतात. पण एकरकमी रक्कम घेतली की ती वर्षं मोजली जात नाहीत. पुन्हा जपानला जायचा विचार असेल तर घाई करू नका. ठाण्यातलं बचत खातंही निघण्यापूर्वी बँकेत कळवून एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, करून घ्या.

गावात मिसळायला

पहिल्या रविवारी पायी हिंडा. ईदात रस्त्याच्या मधोमध सफरचंदाच्या झाडांची रांग आहे. १९४७ च्या आगीत शहराचा बराच भाग जळाला. त्यानंतर १९५३ मध्ये तिथल्या एका माध्यमिक शाळेतल्या मुलांनी ही झाडं लावली. आजही त्या शाळेची मुलं त्यांची निगा राखतात. शिक्षिका म्हणून त्या गावात गेलात तर मुलांशी बोलायला यापेक्षा चांगला विषय नाही. फळं तोडू नका, बघत उभ्या राहा.

ऑगस्टमध्ये कठपुतळ्यांचा महोत्सव असतो. १९७९ पासून चाललेला हा उत्सव शहरभर, अगदी शाळांच्या सभागृहांतही होतो. मदतीला हात लागतात. सहशिक्षकांकडे जूनमध्येच चौकशी करून ठेवा आणि खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या यातलं कोणतंही काम घ्या. आमच्या शाळेच्या सभागृहात मी खुर्च्या मांडत होते. समोरच्या आजी पहिल्या रांगेत येऊन बसल्या आणि शेजारच्या बाईंना माझं नाव सांगू लागल्या, प्रत्येक अक्षर नीट उच्चारून.